वरीचे व्रत

रविवार, २२ जानेवारी १९६१. दहा तोळे वरीचे तांदूळ, शिजवलेले. पंक्तीला तिघे: खारेपाटणहून आलेला मुलगा, त्याचे काका आणि मी. वाढायला माझी बायको. स्वयंपाकघराच्या दाराआड माझी आई आणि धाकटी बहीण. तिलाच पाहायला ही मंडळी आली होती.

ते दहा तोळे माझ्या पानात होते. पाहुण्यांच्या पानांत घरच्या शेतातला भात होता. तोळ्यांत सांगतो, कारण बाजारात किलोची वजने आली होती तरी आमच्या घरातला काटा अजून जुनाच होता आणि त्या काट्यावर तोलल्याशिवाय मी तेव्हा काहीच खात नसे.

काकांनी पहिला घास घेण्याआधीच माझ्या पानाकडे पाहिले.

"आज एकादशी नाय, संकष्टी नाय," ते म्हणाले, "मगे तुमच्या पानात वरी कशी?"

खरे उत्तर सांगण्याजोगे नव्हते.

तीन महिन्यांपूर्वी चपलेच्या पट्ट्याने माझ्या उजव्या पायाला जखम झाली होती. मी मालवणात एका व्यापाऱ्याच्या वखारीत कारकून होतो. घर तीन मैलांवरच्या वाडीत, त्यामुळे रोज सहा मैल चालणे होते. जखम पाच आठवडे भरली नाही, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझी लघवी एका निळ्या औषधात घालून नळी दिव्यावर तापवली. निळा रंग जाऊन विटेसारखा तांबडा झाला, म्हणजे लघवीत साखर बरीच होती. डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले. वडील कशाने गेले, आणि दिवसाला भात किती खाता.

वडिलांचा पाय काळा पडला होता. घरात त्या आजाराला कुणी नाव दिले नव्हते. भाताचा आकडा मात्र मला ठाऊक नव्हता, आणि वखारीत दिवसभर तांदळाची पोती मोजणाऱ्या माणसाला तो ठाऊक नसावा याची लाज वाटली. घरी येऊन बायकोकडून तोलून घेतला. सकाळची पेज, दुपारचा भात, रात्रीचा भात मिळून छप्पन्न तोळे तांदूळ. आंबोळ्या आणि घावने वेगळी.

डॉक्टर म्हणाले, "तुमच्या शेतावरचे गडी काय खातात? ते खा. सकाळी आणि रात्री नाचणीची भाकरी, दुपारी थोडी वरी, कुळथाची पिठी, पालेभाजी, मासे. पण ही धान्ये औषध आहेत असे समजू नका. पोटभर वरी खाल्लीत तर भाताइतकीच नडेल. मोजून खा."

मोजून खाणे मला अवघड नव्हते. नाचणीचे पीठ रोज वीस तोळे, वरी दहा तोळे, असे ठरवून घेतले. अवघड होते ते निराळेच.

आमच्याकडे नाचणी आणि वरी डोंगरउताराच्या वरकस जमिनीत पिकत. म्हातारी माणसे सांगत, की खाली पाणथळ बांधून भात लावायला लागले त्याच्या कितीतरी आधीपासून वरच्या उतारावर ही धान्ये होती. वय जुने असले तरी मान नव्हता. भात माजघरातल्या कणगीत राही आणि नाचणी बाहेर मांगरात, औतांच्या शेजारी. ती गड्यांच्या मजुरीची. तिसरे धान्य हरीक, ते तर आई अंगणातही येऊ देत नसे. नीट कांडला नाही तर हरीक खाऊन माणूस झिंगतो, हे तिने स्वतः पाहिले होते. घरात माणसे नाचणी खाऊ लागली म्हणजे कणगीचा तळ लागला, असा वाडीतला सरळ हिशेब होता.

म्हणून काकांच्या प्रश्नाला माझ्याजवळ दोन उत्तरे होती आणि दोन्हींनी सोयरीक मोडली असती. आजार सांगावा, तर पुढचा प्रश्न वडिलांचा आला असता आणि त्यानंतरचा बहिणीचा. आवड म्हणून खातो म्हणावे, तर घरात भात पाहुण्यांपुरताच आहे असे त्यांना वाटले असते. बहीण तेवीस वर्षांची होती. आधीची तीन स्थळे परत गेली होती.

"व्रत आसा," मी म्हटले.

"कसला?"

"भयणीचा लग्न जायपर्यंत भात खावचो नाय, असा देवाक बोललंय."

काकांनी पानातला हात वर उचलला आणि पुतण्याकडे वळून म्हणाले, "बघ रे! असो भाव मेळूक नशीब लागता."

नेमकी त्याच वेळी माझी बायको इसवणाच्या आमटीचे भांडे घेऊन आली आणि सवयीने आधी माझ्याकडे वळली. इसवण म्हणजे सुरमई. त्या दिवशीची चांगली ताजी होती. पळी वाटीवर आली तोच काका ओरडले, "अगो वयनी, व्रताच्या पानात इसवण? देव मालवणचो म्हणान चलवन घेतलो काय?"

सगळे हसले. मीही हसलो. पळी परत भांड्यात गेली. मी फक्त भाताचे बोललो होतो, माशांचे नव्हे, हे सांगायला तोंड उघडले आणि मिटले. व्रताची कलमे समजावत बसलो असतो तर त्यांनी आणखी विचारले असते.

चार वाजता मंडळी निघाली तेव्हा मुलगी पसंत असल्याचे सांगून गेली. आई माझ्याजवळ आली आणि इतकेच म्हणाली, "झिला, देवाच्या नावान बोललंस. आता पाळूक होया."

आठ दिवसांत ही बातमी साऱ्या वाडीत झाली. ती कुणी नेली मला ठाऊक नाही. मासेवाली रोज आमच्या दारात टोपली उतरवत असे. ती आता बाहेरूनच हाक मारून पुढे जाऊ लागली. मी एकदा तिला थांब म्हटले, तर म्हणाली, "नको ओ दादानू. तुमच्या दारात वास सोडून माका पाप लागात. तुमी आता साधू." माझ्या बायकोलाही तिच्याकडून घेता येईना, कारण घेतले तर कुणासाठी, असे चार घरे विचारत. शेवटी घरातली सगळीच माणसे माझ्या व्रतात अडकली. मुले मला काही बोलत नसत, पण जेवताना माझ्याकडे पाहत नसत, हे मला दिसत होते.

नाचणी चालते की नाही यावर देवळाच्या पायरीवर दोन संध्याकाळी वाद झाला. मी तिथे नव्हतो. निकाल माझ्या बाजूने लागला असे कळले. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या खाण्यावर गावाने बसून निकाल दिला आणि माझ्या नशिबाने तो डॉक्टरांशी जुळला. मासे तेवढे गेले.

पायाची जखम मार्चच्या मध्यावर भरली. नळीतला रंग विटेवरून हिरव्यावर आला, म्हणजे साखर उतरली होती. मात्र वखारीच्या काट्यावर माझे वजन सात पौंड उतरले. डॉक्टर रागावले. "मासे कुणी बंद केले?" त्यांनी विचारले. घराबाहेरच्या ज्या एका माणसाला माझा आजार ठाऊक होता, त्याला माझे व्रत सांगण्याची लाज वाटली, आणि ज्यांना व्रत ठाऊक होते त्यांना आजार सांगण्याची सोय नव्हती.

पुढे अधिक जेठ येत होता, म्हणून लग्न वैशाखातच धरले. एप्रिलच्या सुरुवातीला काकांचे पत्र आले. त्यात देण्याघेण्याचे काही नव्हते. लिहिले होते, की तुमचे व्रत आमच्या घरासाठी झाले, तेव्हा ते लग्नाच्या पंक्तीत आम्हीच सोडवणार. पहिला भाताचा घास जावई भरवील, दुसरा मी, आणि मग तुम्ही आमच्या देखत पोटभर भात जेवायचे.

हे पत्र मी तीन वेळा वाचले. घास दोनच असते तर प्रश्न नव्हता. पण लग्न झाले की व्रत संपले, आणि व्रत संपले की पुढे आयुष्यभर त्या घरी किंवा त्यांची माणसे आमच्या घरी आली की मला भात खाणे भाग. न खावा तर पुन्हा तोच प्रश्न, आणि या वेळी उत्तर उरले नव्हते. व्रत चालू तोवर मी कोंडलेला होतो. ते संपल्यावर अधिकच कोंडला जाणार होतो.

मी ठरवले, खारेपाटणला जाऊन खरे सांगायचे. रविवारची गाडी पाहून ठेवली. शनिवारी बहीण मागच्या पडवीत नाचणी दळत होती. माझ्यासाठीचे पीठ तीच दळत असे. मी तिला बेत सांगितला. तिने जाते थांबवले नाही.

"दादानू," ती म्हणाली, "तुमी खरा सांगतलास आणि मोकळे जातलास. मी खंय जाव?"

"त्यांका मागाहून कळला तर?"

"मागाहून कळला तर मी थंय आसतलंय. आता कळला तर हयच."

मग खुंटा धरून ती क्षणभर थांबली आणि हसली. "तुमचा ह्या पीठ दळून दळून माझे हात बघा. आणखी एक वर्ष हय रवलंय तर कोण पाचवो येवचो नाय."

मी गेलो नाही. आज हिशेब करताना हा निर्णय मी बहिणीच्या नावावर टाकत नाही. ती तेवीस वर्षांची होती आणि मी अडतीस वर्षांचा.

वाट आईने काढली. "काशीक जातत ते एक वस्तू कायमची सोडून येतत," ती म्हणाली. "तू घास घे, आणि थंयच सगळ्यांदेखत भात सोड. कायमचो. मगे कोण इचारतलो?" तिने हे मीठ किती घालायचे ते सांगावे तशा आवाजात सांगितले. वर म्हणाली, "एकच वस्तू सोडूची. मासे सुटतले."

लग्नाच्या पंक्तीत मी दोन घास घेतले. तूप घातलेला आंबेमोहोर होता. पाच महिन्यांनी भात तोंडात गेला आणि तो गिळताना मला फार वेळ लागला. मग उठून उभा राहिलो, हात जोडले आणि म्हटले, की बहिणीला असे घर दिले म्हणून मी आजपासून देवाच्या पायाशी भात सोडतो. काकांच्या डोळ्यांत पाणी आले. दोन म्हाताऱ्या पाया पडायला आल्या. मी त्यांना पडू दिले नाही, तर त्यालाही लोकांनी विनय म्हटले.

अशा रीतीने भात देऊन मासे सोडवून घेतले. मासेवालीने दुसऱ्या दिवशी टोपली उतरवली आणि म्हणाली, "इलास बाबा माणसांत!"

पुढची पाच वर्षे मी कुणाला खोटे बोललो नाही. बोलावे लागले नाही, हे अधिक खरे. रोज वीस तोळे नाचणी, दहा तोळे वरी. नाचणीला पहिले काही महिने मला मातीचा वास येई, पुढे तो जाणवेनासा झाला. चौसष्ट-पासष्टच्या सुमाराला रेशनवर तांदूळ मिळेना आणि लोक मिळेल ते लाल, जाडे धान्य दळून खाऊ लागले, तेव्हा वाडीत नाचणीवर कुणी हसत नव्हते. मला मात्र त्या काळातही कुणी विचारले नाही. माझे सोडलेले होते, त्यांचे सुटले होते.

सप्टेंबर १९६६ मध्ये गणपती आटोपल्यावर बहीण माहेरी आली. दोन मुले झाली होती. पहिल्याच जेवणात ती तीनदा पाणी प्यायला उठली. मी मोजायचे म्हणून मोजले नाही, पण तीनदा. दुसऱ्या दिवशी तिला त्याच डॉक्टरांकडे नेले. निळ्या औषधाचा रंग माझ्यासमोर पालटला. नळी त्यांनी मला दाखवली नसती तरी चालले असते.

डॉक्टरांनी तिलाही तेच खाणे सांगितले. नाचणी सोळा तोळे, वरी आठ. परतताना ती वाटेत एका दगडावर बसली.

"सासरी माझ्यासाठी येगळी भाकरी कोण भाजूक देतला?" ती म्हणाली. "सासू इचारतली कित्याक. सांगू काय, माका पण व्रत आसा? एका घराक दोन साधू, कोण मानतला?"

मी म्हटले, मी येऊन सांगतो.

"सांगा," ती म्हणाली. "आता सांगा. माझी दोन पोरां आसत."

रविवार, २५ सप्टेंबरला मी तिला आणि मुलांना घेऊन खारेपाटणला गेलो. ओटीवर काका, तिची सासू आणि तिचा नवरा होते. मी चहा घेण्याआधीच सांगितले. वडिलांचा पाय, माझी जखम, पंक्तीतले खोटे, लग्नातला घास, आणि आता हिची नळी. सांगायला दहा मिनिटेही लागली नाहीत.

काकांनी झोपाळ्याची कडी धरली. मग म्हणाले, "पाच वर्सां मी तुमचो दाखलो देतंय. ह्या बाजारात. पोरांनी भाताक नाक मुरडला की सांगतंय, तुमच्या मामान देवासाठी भात सोडल्यान."

"भात सोडलो हा खरा," मी म्हटले. "देवासाठी नाय."

"ताच तर," ते म्हणाले, आणि उठून आत गेले.

सासू जाग्यावरच होती. "आजारी चेडू गळ्यात बांधलास आमच्या."

"दिली तेव्हा आजारी नव्हती."

"आणि भाव होतो. बापूस होतो. ता सांगलास?"

मी बहिणीच्या नवऱ्याकडे पाहिले. तो पायाच्या अंगठ्याने जमिनीवर रेघ काढत होता. बहीण धाकट्याला कडेवर घेऊन दारात उभी होती.

तिला परत ने, असे सासू म्हणेल ही मला भीती होती. ती तसे म्हणाली नाही. तिने अटी सांगितल्या. नाचणी आणि वरी या घराच्या कणगीतून निघणार नाही आणि बाजारातून घेतली जाणार नाही, कारण दुकानदार ओळखीचा आणि चार लोक विचारतील. ती माहेराने आणून घालायची. भाकरी मागच्या पडवीतल्या वेगळ्या चुलीवर, सगळ्यांची जेवणे झाल्यावर, तिची तिने भाजायची. आजाराचे नाव गावात निघता कामा नये.

"लोकांक काय सांगतलास?" मी विचारले.

"सांगतलंव, तिना पण सोडल्यान. भावासारखा."

बहीण दारातून म्हणाली, "चलात." एवढेच. मग ती मुलाला घेऊन आत गेली आणि माझा चहा निवला होता तो तिने परत गरम करून आणला.

गाडी तीन वाजता होती. तिचा नवरा मला पोचवायला आला. गाडी हलली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाला, "भाकरी मी गरम आसताना खाऊक लावीन तिका." तो तसे करतो की नाही हे मी कधी विचारले नाही.

पहिली खेप रविवार, २ ऑक्टोबर १९६६ रोजी केली. महिन्याचा हिशेब तीस दिवसांचा धरून नाचणी साडेपाच किलो आणि वर थोडी, वरी पावणेतीन किलो, कुळीथ एक किलो. सासूने पिशव्या माझ्यासमोर तागडीत घातल्या. नाचणी पाच किलो सहाशे ग्रॅम भरली. तिने मान हलवली आणि पिशव्या उचलून मागच्या पडवीत नेल्या. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तेवढेच दिले आहे, तिच्याच हातात.